जुन्या ट्रकचा एरर कोड: पार्ट बदलण्याआधी काय तपासाल?

चेक इंजिनचा दिवा पेटला, स्कॅनर लावला, एका सेन्सरचं नाव आलं, सेन्सर बदलला. दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर! सेकंडहँड ट्रक घेतलेल्यांना हा खर्च ओळखीचा असेल. मुळात कोड खराब पार्टचं नाव सांगत नाही. कोणत्या सर्किटमधून न पटणारी माहिती आली, एवढंच तो सांगतो.

बीएस-४ देशभर लागू झालं १ एप्रिल २०१७ ला, बीएस-६ १ एप्रिल २०२० ला. या काळातल्या कॉमन रेल इंजिनच्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात येतात आणि त्यांचं इंजिन ईसीयू चालवतो. त्याआधीच्या, यांत्रिक पंपाच्या बऱ्याच गाड्यांत कोड नसतातच. तिथे धूर आणि आवाज यावरूनच ओळखायचं.

मोठ्या ट्रकमध्ये कोडचे बहुधा दोन आकडे असतात. एसपीएन म्हणजे कशाबद्दल, एफएमआय म्हणजे काय बिघडलं. बरेच जण पहिलाच आकडा लिहून आणतात आणि तिथेच फसतात. एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान. सोबत एफएमआय ० असेल तर इंजिन खरंच तापलंय, गाडी लगेच बाजूला घ्या. एफएमआय ३ असेल तर सेन्सरच्या वायरवर व्होल्टेज जास्त आहे. नुसता कपलर निघाला असला तरी हाच कोड येतो. एफएमआय ४ म्हणजे व्होल्टेज कमी, म्हणजे वायर बॉडीला टेकली असण्याची शक्यता.

छोट्या पिकअपमध्ये ‘पी’ने सुरू होणारे कोड दिसतात. पी००८७, म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. हा आला की लगेच महागड्या पंपाची चर्चा सुरू होते. आधी डिझेल फिल्टर आणि टाकीकडून येणाऱ्या पाइपमधली हवा बघा.

आपल्या पट्ट्यात वायरिंगवर जास्त संशय घ्यावा. जुलै २०१९ च्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली होती. उल्हास आणि वालधुनीकाठी उभ्या गाड्यांनाही पाणी लागतं. पाणी ओसरतं, पण कपलरच्या पिनांवर हिरवट गंज राहतो आणि तो महिन्यांनी कोड दाखवतो. गाडी बघायला गेलात तर ईसीयूचा कपलर उघडून घ्या आणि केबिनच्या मॅटखाली चिखलाची रेघ आहे का पाहा.

मग बॅटरी. मोठ्या ट्रकला १२ व्होल्टच्या दोन, मिळून २४ व्होल्ट. गाडी काही तास बंद राहिल्यावर प्रत्येकीवर साधारण १२.६, इंजिन चालू असताना दोन्ही मिळून २८ च्या आसपास हवेत. दोघींत फरक दिसला तर टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेत का ते शोधा. हा जुगाड सर्रास असतो आणि त्याने एक बॅटरी कमी, दुसरी जास्त चार्ज होत राहते.

अर्थिंग डोळ्यांनी तपासू नका. मल्टीमीटरची एक तार इंजिन ब्लॉकवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर ठेवा आणि कुणाला तरी सेल मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थची केबल किंवा तिचा बोल्ट खराब. पाच-दहा रुपयांच्या सॅंडपेपरने साफ करून आधी पाहा, बाकी नंतर.

तीन-चार सेन्सरचे कोड एकदम आले तर तेवढे सगळे एकाच दिवशी मेले, असं सहसा होत नाही. अनेक सेन्सरना ५ व्होल्टची लाइन सामाईक असते. एकच शॉर्ट झाला की सगळे ओरडतात. एकेक कपलर काढत जा. ज्याच्यामुळे व्होल्टेज परत ५ वर येईल, तो सेन्सर किंवा त्याची वायर दोषी.

विकत घेताना चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा क्षणभर तरी पेटलाच पाहिजे. पेटलाच नाही तर तो कुणीतरी काढलाय असं समजा. कोड आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात, त्यामुळे भार टाकून चढावर गाडी चालवा आणि मगच स्कॅन करा.

ईसीयूशी संपर्कच होत नसेल तर तो मेला असं लगेच मानू नका. बॅटरी काढून कॅनच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा. साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर तुटलीय. बॉडी बांधताना बॅटरी आणि ईसीयू न काढता वेल्डिंग झालं असेल, तर मात्र ईसीयूवरचा संशय खरा ठरू शकतो.