फाय आयोटा आल्फा

फाय आयोटा आल्फा ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांमधील लॅटिन अमेरिकी वंशाच्या महाविद्यालयीन पुरुष विद्यार्थ्यांची संघटना (फ्रॅटर्निटी) आहे. तिची स्थापना २६ डिसेंबर १९३१ रोजी झाली. आज अस्तित्वात असलेल्या लॅटिनो फ्रॅटर्निटींमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. तिची मुळे न्यू यॉर्क राज्यातील ट्रॉय येथील रेन्सेलिअर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये १८९८ साली सुरू झालेल्या ‘उनिओन इस्पानो अमेरिकाना’ या विद्यार्थी मंडळापर्यंत जातात. लॅटिन अमेरिकेतील देशांचे ऐक्य हा या संघटनेचा मूळ विचार आहे. १९७० च्या दशकात तिचे काम जवळजवळ थांबले होते. १९८४ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले आणि त्यानंतर तिचा विस्तार प्रामुख्याने अमेरिकेत वाढलेल्या लॅटिनो विद्यार्थ्यांमध्ये झाला.

फ्रॅटर्निटी म्हणजे काय

अमेरिकी महाविद्यालयांतील फ्रॅटर्निटी ही सदस्यांनी निवडून घेतलेल्या विद्यार्थ्यांची बंधुमंडळी असते. इच्छुक विद्यार्थ्याला काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा उमेदवारीचा काळ पूर्ण करावा लागतो. त्यानंतर दीक्षाविधी होऊन तो सदस्य होतो. हे सदस्यत्व शिक्षण संपल्यावरही आयुष्यभर टिकते. बहुतेक संघटनांची नावे दोन किंवा तीन ग्रीक अक्षरांची असतात. ही प्रथा १७७६ मध्ये व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात स्थापन झालेल्या ‘फाय बीटा कॅपा’ या मंडळापासून सुरू झाली. विद्यार्थिनींच्या अशा संघटनांना ‘सोरॉरिटी’ म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात या संघटना श्वेतवर्णीय प्रोटेस्टंट विद्यार्थ्यांपुरत्या मर्यादित होत्या. अनेकांच्या घटनेत वंश किंवा धर्माच्या अटी लिहिलेल्या होत्या आणि जेथे लेखी अट नव्हती तेथे प्रथा तेच काम करीत असे. त्यामुळे ज्यू, कॅथलिक आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपापल्या स्वतंत्र संघटना उभारल्या. कॉर्नेल विद्यापीठात १९०६ मध्ये स्थापन झालेली ‘आल्फा फाय आल्फा’ ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी याचे ठळक उदाहरण आहे. लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांच्या मंडळांचा उदयही याच काळातला आहे.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅटिन अमेरिकेत रेल्वे, बंदरे, खाणी आणि साखर कारखाने वेगाने उभे राहू लागले. त्यांसाठी लागणारे अभियंते देशात तयार होत नसल्याने सधन घराण्यांतील मुले शिक्षणासाठी उत्तरेकडे जात. १८२४ मध्ये स्थापन झालेले रेन्सेलिअर हे स्थापत्य अभियांत्रिकीसाठी नावाजलेले विद्यालय होते. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीतील ऑड्यूबॉन शुगर स्कूल हे साखर उत्पादनाचे तंत्र शिकवणारे केंद्र क्युबा, पोर्तो रिको आणि मध्य अमेरिकेतील विद्यार्थ्यांना आकर्षित करीत असे. पुढे क्युबाचे राष्ट्राध्यक्ष झालेले मारिओ गार्सिया मेनोकाल यांनी १८८८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेतली होती. अशा विद्यार्थ्यांचा पुढील सार्वजनिक जीवनातील मार्ग त्यावरून कळतो.

१८९८ हे वर्ष लॅटिन अमेरिकेच्या इतिहासात निर्णायक होते. स्पेन-अमेरिका युद्धात स्पेनचा पराभव झाला. पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि क्युबावर अमेरिकी लष्करी अंमल सुरू झाला. ज्या देशात हे विद्यार्थी शिकत होते, तोच देश त्यांच्या प्रदेशातील सर्वांत बलाढ्य सत्ता बनला होता. त्याच वर्षी रेन्सेलिअरमध्ये उनिओन इस्पानो अमेरिकाना सुरू झाली.

त्या काळी ‘अखिल अमेरिकावाद’ या शब्दाला दोन भिन्न अर्थ होते. १८८९-९० मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतर-अमेरिकी परिषदेतून पुढे आलेला विचार संयुक्त संस्थानांच्या पुढाकाराने व्यापार आणि सहकार्य वाढवण्याचा होता. दुसरा विचार सिमोन बॉलिव्हार यांच्या १८२६ च्या पनामा परिषदेपासून चालत आलेला होता. स्पॅनिश साम्राज्यातून मुक्त झालेल्या राष्ट्रांनी एकत्र उभे राहावे, असे तो सांगत असे. क्युबाचे कवी आणि क्रांतिकारक होजे मार्ती यांनी न्यू यॉर्कमधील वास्तव्यात ‘नुएस्त्रा अमेरिका’ (आमची अमेरिका) या १८९१ मधील निबंधात हाच विचार नव्या रूपात मांडला. फाय आयोटा आल्फाची वैचारिक परंपरा या दुसऱ्या प्रवाहाशी जोडलेली आहे.

पूर्वसुरी संघटना

उनिओन इस्पानो अमेरिकाना हे सांस्कृतिक आणि बौद्धिक स्वरूपाचे गुप्त मंडळ होते. गुप्ततेच्या नियमांमुळे आणि लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांच्या अल्प संख्येमुळे त्याचा विस्तार मर्यादित राहिला. पुढील दोन दशकांत इतर ठिकाणी अशीच मंडळे स्वतंत्रपणे निर्माण झाली.

ईशान्येस मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९१६ मध्ये ‘पाय डेल्टा फाय’ स्थापन झाली. पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील परिसरात १९१९ मध्ये ‘फाय लॅम्डा आल्फा’ सुरू झाली. विस्तारासाठी इतर विद्यापीठांत शोध घेताना या मंडळांना एकमेकांची माहिती मिळाली आणि पत्रव्यवहारातून विलीनीकरणाची कल्पना पुढे आली. जून १९२१ मध्ये वरील दोन्ही संघटना आणि उनिओन इस्पानो अमेरिकाना एकत्र आल्या. नव्या संघटनेने फाय लॅम्डा आल्फा हे नाव घेतले, तर ध्येये उनिओनची स्वीकारली. पुढे इतर महाविद्यालयांतील लॅटिन अमेरिकी मंडळेही तिच्यात सामील झाली.

दक्षिणेत लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीमध्ये १९०४ पासून लॅटिन अमेरिकी विद्यार्थ्यांचे मंडळ होते. १९१२ मध्ये त्याचे ‘सिग्मा आयोटा’ या ग्रीक अक्षरनामाच्या फ्रॅटर्निटीत रूपांतर झाले. या संघटनेने अमेरिकेबाहेरही शाखा काढल्या.

१९३१ चे विलीनीकरण

१९२० च्या दशकाच्या अखेरीस सिग्मा आयोटाला अधिक स्थैर्याची गरज भासू लागली आणि तिने फाय लॅम्डा आल्फाशी बोलणी सुरू केली. २६ डिसेंबर १९३१ रोजी दोन्ही संघटनांचे विलीनीकरण झाले. दोन्ही नावांतील अक्षरे घेऊन ‘फाय आयोटा आल्फा’ हे नाव तयार करण्यात आले. पहिले अधिवेशन ट्रॉय येथे रेन्सेलिअरमध्ये भरले. संपूर्ण जग आर्थिक महामंदीत सापडलेले असताना हे ऐक्य घडले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढील वर्षी अखिल अमेरिकावादी विचार प्रत्यक्षात आणण्यासाठी ‘उनिओन लातिनो अमेरिकाना’ या व्यापक रचनेची योजना पुढे आली. प्रत्येक लॅटिन अमेरिकी देशासाठी एक विभाग असावा आणि शिक्षण संपवून मायदेशी परतलेल्या सदस्यांनी तेथे काम पुढे न्यावे, अशी ही कल्पना होती. पोर्तो रिको आणि क्युबा येथे या रचनेशी संबंधित संघटना उभ्या राहिल्या. पोर्तो रिकोतील ‘फाय सिग्मा आल्फा’ ही फ्रॅटर्निटी आजही कार्यरत असून तेथे ती ‘ला सिग्मा’ या नावाने ओळखली जाते. अनेक देशांतील विभाग मात्र प्रत्यक्षात फारसे रुजले नाहीत.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन

दुसऱ्या महायुद्धानंतर परिस्थिती बदलत गेली. लॅटिन अमेरिकेत स्थानिक विद्यापीठांचा विस्तार झाला. १९५९ च्या क्रांतीनंतर क्युबा आणि अमेरिका यांच्यातील शैक्षणिक संबंध तुटले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हिएतनाम युद्धविरोधी आंदोलनांच्या काळात अमेरिकी विद्यार्थ्यांना फ्रॅटर्निटी ही जुनाट आणि उच्चभ्रू संस्था वाटू लागली आणि सर्वच फ्रॅटर्निटींची सदस्यसंख्या घटली. सीमित सदस्यसंख्येच्या फाय आयोटा आल्फाला हा फटका अधिक बसला. १९७० च्या दशकात महाविद्यालयांतील तिच्या शाखा निष्क्रिय झाल्या.

१९८४ मध्ये ट्रॉय परिसरातील विद्यार्थ्यांनी जुन्या सदस्यांच्या मदतीने संघटना पुन्हा सुरू केली. नाव, ध्येये आणि प्रतीके जुनीच राहिली, परंतु सदस्यवर्ग बदलला होता. पूर्वीचे सदस्य बहुतांशी परदेशातून आलेले आणि पदवीनंतर मायदेशी परतणारे होते. नवे सदस्य बहुतांशी अमेरिकेत जन्मलेले किंवा वाढलेले होते. त्यांच्यापैकी अनेक जण कुटुंबातून महाविद्यालयात जाणारे पहिले होते. पूर्वीच्या पिढीपुढे आपल्या राष्ट्रांच्या ऐक्याचा प्रश्न होता. नव्या पिढीपुढे अमेरिकी समाजातील स्थान, शिष्यवृत्ती, अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि भाषिक-सांस्कृतिक ओळख टिकवणे हे प्रश्न होते. १९८४ नंतर संघटना न्यू यॉर्क राज्यातून ईशान्येकडील इतर राज्यांत आणि तेथून देशाच्या अन्य भागांत पसरली.

लॅटिनो फ्रॅटर्निटींची नवी लाट

फाय आयोटा आल्फाच्या निष्क्रियतेच्या काळातच लॅटिनो विद्यार्थ्यांच्या नव्या संघटना निर्माण होऊ लागल्या. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने गरजू विद्यार्थ्यांसाठी संघराज्य सरकारचे अर्थसाहाय्य वाढवले होते. नागरी हक्क चळवळ, तसेच मेक्सिकन आणि पोर्तो रिकन वंशाच्या विद्यार्थ्यांची आंदोलने यांमुळे विद्यापीठांची दारे अधिक खुली झाली होती. न्यू जर्सीतील कीन कॉलेज येथे १ डिसेंबर १९७५ रोजी ‘लॅम्डा थीटा फाय’ ही फ्रॅटर्निटी आणि त्याच महिन्यात ‘लॅम्डा थीटा आल्फा’ ही सोरॉरिटी स्थापन झाली. कॉर्नेल विद्यापीठात १९ फेब्रुवारी १९८२ रोजी ‘लॅम्डा अप्सिलॉन लॅम्डा’ आणि आयोवा विद्यापीठात ४ एप्रिल १९८६ रोजी ‘सिग्मा लॅम्डा बीटा’ सुरू झाली. पुढे १९९८ मध्ये अशा संघटनांची ‘नॅशनल असोसिएशन ऑफ लॅटिनो फ्रॅटर्नल ऑर्गनायझेशन्स’ ही शिखर संस्था स्थापन झाली. फाय आयोटा आल्फा तिची सदस्य आहे.

‘पहिली’ कोण, हा प्रश्न

लॅटिनो फ्रॅटर्निटींच्या इतिहासात ‘पहिली’ या शब्दावरून मतभेद आहेत. फाय आयोटा आल्फा स्वतःला अस्तित्वात असलेली सर्वांत जुनी लॅटिनो फ्रॅटर्निटी म्हणवते आणि आपली परंपरा १८९८ पर्यंत नेते. लॅम्डा थीटा फाय स्वतःला देशातील पहिली लॅटिनो फ्रॅटर्निटी म्हणवते.

हा वाद केवळ तारखांचा नाही. त्याच्या मुळाशी ‘लॅटिनो’ या शब्दाचा अर्थ आहे. १९३१ पूर्वीची मंडळे लॅटिन अमेरिकेच्या नागरिकांची होती आणि सदस्यांचा मोठा भाग तेथील सधन वर्गातून आलेला होता. ‘लॅटिनो’ ही अमेरिकेतील अल्पसंख्याक समाजाची ओळख प्रामुख्याने नागरी हक्क चळवळीनंतर रूढ झाली. लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाची कोणतीही व्यक्ती, असा व्यापक अर्थ घेतल्यास फाय आयोटा आल्फाचा दावा ग्राह्य ठरतो. त्या समाजात वाढून अमेरिकी विद्यापीठात स्थान मिळवणारा विद्यार्थी, असा अर्थ घेतल्यास १९७५ हा प्रारंभबिंदू ठरतो. १९७० च्या दशकातील खंडामुळे हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो, कारण पुनरुज्जीवित संघटना ही जुन्या संघटनेचे सातत्य मानायची की नवी सुरुवात, यावर उत्तर अवलंबून राहते.

तत्त्वे आणि प्रतीके

संघटना लॅटिन अमेरिकेतील पाच स्वातंत्र्यवीर आणि राष्ट्रपुरुषांना आपले ‘पाच स्तंभ’ मानते. व्हेनेझुएलाचे सिमोन बॉलिव्हार, अर्जेंटिनाचे होजे दे सान मार्तिन, चिलीचे बेर्नार्दो ओ’हिगिन्स, मेक्सिकोचे बेनितो हुआरेझ आणि क्युबाचे होजे मार्ती हे ते पाच जण होत. पाच वेगवेगळ्या देशांतील व्यक्तींची निवड ही कोणत्याही एका राष्ट्राला प्राधान्य न देण्याच्या धोरणाशी सुसंगत आहे. झापोटेक आदिवासी समाजातून येऊन मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या हुआरेझ यांच्या समावेशामुळे या परंपरेत मूळनिवासी वारशालाही स्थान मिळाले आहे. ‘सेंपर पाराती, सेंपर युंक्ती’ हे संघटनेचे लॅटिन ब्रीदवाक्य असून त्याचा अर्थ ‘सदैव सज्ज, सदैव एकत्र’ असा होतो.

कार्य आणि जीवनपद्धती

जुन्या श्वेतवर्णीय फ्रॅटर्निटींप्रमाणे स्वतःचे निवासगृह असणे हे लॅटिनो संघटनांचे सामान्य वैशिष्ट्य नाही. त्यांच्या शाखा लहान असतात आणि एखाद्या वर्षी मोजकेच नवे सदस्य घेतले जातात. त्यामुळे काही जण पदवीधर होताच शाखा निष्क्रिय होण्याचा धोका कायम असतो. पदवीधर सदस्यांचे जाळे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. लॅटिन अमेरिकी इतिहासावरील व्याख्याने, अभ्यासगट, शालेय विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि युनिसेफच्या कार्यासाठी निधी संकलन हे फाय आयोटा आल्फाचे प्रमुख उपक्रम आहेत. अशा संघटनांत सामूहिक नृत्य-संचलनाची परंपराही आढळते. ती कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटींकडून आली असून तिला लॅटिन संगीताची जोड मिळाली आहे.

टीका

उमेदवारीच्या काळातील छळ (हेझिंग) हा सर्वच अमेरिकी फ्रॅटर्निटींपुढील गंभीर प्रश्न आहे. भारतातील रॅगिंगशी त्याचे साम्य असले, तरी येथे छळ प्रवेशाची अट म्हणून आणि सदस्याच्या वरकरणी संमतीने होतो. त्यामुळे तक्रारी क्वचितच पुढे येतात. या प्रकारांत विद्यार्थ्यांचे मृत्यूही झाले आहेत. बहुतेक राज्यांत त्याविरुद्ध कायदे असून डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या संघराज्य कायद्याने महाविद्यालयांना अशा घटनांची माहिती जाहीर करणे बंधनकारक केले. गुप्त विधी आणि निष्ठेवर उभ्या असलेल्या लहान संघटनांना पारदर्शकतेची ही मागणी विशेष आव्हानात्मक आहे.

केवळ पुरुषांसाठीचे सदस्यत्व आणि वांशिक आधारावरील संघटन यांवरही टीका होते. अशा संघटनांमुळे विद्यार्थी मुख्य प्रवाहापासून वेगळे पडतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. मोठ्या विद्यापीठात एकटे पडलेल्या विद्यार्थ्याला आधार आणि मार्गदर्शन देऊन पदवीपर्यंत पोचवणे हेच आपले कार्य आहे, असे समर्थक म्हणतात. व्यवहारात बहुतेक लॅटिनो फ्रॅटर्निटींचे सदस्यत्व कोणत्याही वंशाच्या विद्यार्थ्याला खुले असते.

महत्त्व

२०२० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत हिस्पॅनिक किंवा लॅटिनो लोकसंख्या ६ कोटी २१ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे १९ टक्के होती. १८९८ मध्ये ट्रॉय येथे जमलेले विद्यार्थी आपल्या देशांपासून दूर असलेले परदेशी होते. आज त्यांच्या परंपरेतील सदस्यांचा समाज त्याच देशातील सर्वांत मोठ्या अल्पसंख्याक समूहांपैकी एक आहे. फाय आयोटा आल्फाचा इतिहास म्हणूनच एका विद्यार्थी संघटनेपुरता मर्यादित न राहता परदेशी विद्यार्थ्यांच्या देशप्रेमापासून स्थलांतरितांच्या नागरिकत्वापर्यंत झालेल्या बदलाचा दस्तऐवज ठरतो.