ठिणगीचे कुळ

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानापुढून जाताना पाटीवरची एक मुद्रा मला नेहमी थांबवते. वर्तुळात समोरासमोर दोन कमानी आणि त्यांना जोडणारा आडवा दांडा, एवढेच तिचे रूप. प्लग किंवा फिल्टर घ्यायला आलेले गिऱ्हाईक तो बॉश कंपनीचा शिक्का एवढे ओळखते आणि आपल्या कामाला लागते. पण ते चित्र एका खऱ्या वस्तूचे आहे. तांब्याची तार गुंडाळून, इंजिनाला ठिणगी पुरविणाऱ्या मॅग्नेटोच्या पोटात जो लोखंडी गाभा पूर्वी फिरत असे, त्याचा तो आडवा छेद होय; आणि या मॅग्नेटोच्या ठिणगीवर भारतातल्या सुरुवातीच्या टपालविमानांपासून आजच्या शिकाऊ वैमानिकांच्या विमानांपर्यंत कित्येक इंजिने चालत आली आहेत.

ठिणगीच्या या घराण्याचे मूळपुरुष मायकेल फॅरडे. चुंबकाजवळ तारेचे वेटोळे हलविले असता तारेत विद्युत्प्रवाह उपजतो, हे त्यांनी १८३१ साली दाखविले. पुढे १८५६ मध्ये व्हेर्नर सीमेन्स यांनी ते वेटोळे दोन्ही अंगांना खोबण असलेल्या लोखंडी गाभ्यावर बसविले. पाटीवरची आकृती ती हीच. श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांनी १८८६ साली आपले लहानसे वर्कशॉप काढले, दुसऱ्याच वर्षी जागच्या जागी चालणाऱ्या गॅस इंजिनासाठी मॅग्नेटो घडविला आणि १८९७ मध्ये तो तीनचाकी गाडीवर चढविला. मात्र या मॅग्नेटोचा विद्युत्दाब कमी असल्यामुळे सिलिंडरच्या आत दोन टोके एकमेकांना टेकवून ती झटक्याने विलग करावी लागत, आणि त्यासाठी दांड्या-कमानींचा सगळा खटाटोप इंजिनाला बाळगावा लागे. ही अडचण बॉश यांचे सहकारी गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ साली दूर केली: उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीला स्पार्क प्लग. पुढे १९१८ मध्ये कंपनीची मुद्रा रेखाटली तीही होनोल्ड यांनीच, आणि आपल्या विद्येचे मूळ त्यांनी त्या वर्तुळात जपून ठेवले, याचे मला फार कौतुक वाटते.

ज्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाने हुबळीचा तो रस्ता ओळखला जातो, ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर म्हणून रुजू झाले १९०३ च्या डिसेंबरात. हुबळी ज्यात येते तो धारवाड जिल्हा तेव्हा त्याच इलाख्याच्या अंमलाखाली होता. त्याच महिन्याच्या १७ तारखेला, समुद्रापलीकडे किटी हॉकच्या वाळूवर, राइट बंधूंचे विमान उडाले. त्यांच्या इंजिनावर मॅग्नेटो होता, पण जुन्या, कमी दाबाच्या पठडीतला. फ्लायव्हीलला घासून फिरणारा आणि सिलिंडरच्या आतली टोके विलग करूनच ठिणगी पाडणारा. इंजिन सुरू करण्यापुरती कोरड्या बॅटरीची वेगळी तजवीज जमिनीवर असे. एकदा ते चालू झाले, की ठिणगीची सारी जबाबदारी मॅग्नेटोकडे. विमानाने मॅग्नेटोला आपले मानले, त्याचे कारण याच मांडणीत सापडते. त्याला बॅटरीची गरज नाही. इंजिन फिरते आहे तोवर ठिणगी पडते. या विद्येचा मक्ता जर्मनीकडे किती होता, हे १९१४ साली महायुद्ध पेटल्यावर इंग्लंडला उमगले: तिथे लागणारे जवळजवळ सगळे मॅग्नेटो जर्मनीहून येत असत, आणि तोफा सुरू होताच तो पुरवठा एकदम तुटला.

आपल्या मुलुखात या घराण्याची एक ठळक खूण टपालाच्या उड्डाणात दिसते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले, आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट ते बल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. हुबळीहून गदगमार्गे पूर्वेस जाणाऱ्या रेल्वेवरची ती बल्लारी. त्यांच्या पस मॉथ विमानाला इंजिन एकच, पण मॅग्नेटो दोन. मग १९५१ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टचे एचटी-२ हे प्रशिक्षणाचे विमान आकाशात गेले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूर चंपू गावचे, गॉटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेले. एचटी-२ च्या पाठोपाठ १९५८ मध्ये पुष्पक आले, आणि फ्लाइंग क्लबांतून ते देशभर पसरले. या दोन्ही विमानांच्या इंजिनांवरही मॅग्नेटोंची जोडीच.

जोडी का, याला दोन कारणे आहेत. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर घरी परतता येते, हे उघडच. शिवाय सिलिंडरमध्ये दोन बाजूंनी आग लागली, की मिश्रण लवकर आणि सरसकट जळते. म्हणून उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. सेसना १७२ च्या एका प्रचलित नमुन्यात इंजिन १७०० फेऱ्यांवर ठेवतात. एका मॅग्नेटोवर फेऱ्या १२५ हून अधिक उतरता कामा नयेत, आणि दोहोंच्या उतारात ५० पेक्षा जास्त अंतर असू नये. काटा मुळीच हलला नाही, तर नवख्या माणसाला समाधान वाटते आणि जाणत्याच्या कपाळावर आठी पडते. कारण मॅग्नेटोचा स्विच घरातल्या दिव्याच्या उलट वागतो: बंद करणे म्हणजे मॅग्नेटोच्या तारेचा इंजिनाच्या धातूच्या अंगाशी संयोग घडविणे (अर्थिंग). ती तार तुटली, तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि पंखा हाताने फिरवणाऱ्याच्या जिवाशी गाठ पडते.

मॅग्नेटो उघडलेला मी एकदाच जवळून पाहिला. दर ५०० तासांनी तो इंजिनावरून उतरवून पाहावा, असा अनेक उत्पादकांचा दंडक आहे. त्या हुकुमाप्रमाणे तो बाकावर आला होता. आता त्यात चुंबक फिरतो आणि वेटोळे स्थिर असते, हे पाटीवरच्या आकृतीपेक्षा उलटे. मेकॅनिकने सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट उघडून भिंगाखाली धरले, नखाने कड चाचपली आणि म्हणाला, ‘‘साहेब, राखी, खरखरीत, पण सपाट. असेच असावेत. निळसर किंवा खड्डा पडलेले आले, तर आधी कंडेन्सर बघायचा.’’ मग त्याने कॅमजवळच्या नमद्यावर तेलाचे दोन थेंब सोडले. तिसरा सोडला नाही, कारण तेल उडून पॉइंटवर गेले की ठिणगी मरते. डिस्ट्रिब्यूटरच्या ठोकळ्यावर त्याने टॉर्चचा झोत फिरविला. हजारो व्होल्टचा प्रवाह भेगेतून किंवा ओलाव्यातून वाट काढू लागला, की मागे कोळशासारखी काळी रेघ उरते, आणि धारवाडकडच्या पावसात तिची धास्ती अधिक असते. तशी रेघ नव्हती.

शेवटी त्याने शाफ्ट बोटांनी हळूहळू फिरविला. आत इम्पल्स कपलिंगची स्प्रिंग ताणत गेली, आणि एका जागी ‘खट्’ असा आवाज झाला. इंजिन सुरू होताना पंखा इतका सावकाश फिरतो, की मॅग्नेटोला स्वतःहून पुरेशी ठिणगी पाडता येत नाही. तेवढ्यापुरते हे कपलिंग चुंबकाला अडवून धरते आणि मग ताणलेल्या स्प्रिंगच्या झटक्याने एकदम मोकळा सोडते. मेकॅनिकने कान लावून तो आवाज दोनदा ऐकला, रोजनाम्यात नोंद केली आणि दुसरा मॅग्नेटो जवळ ओढला.