गतकुळाची जमीन

आमच्या मंडळीतील एक तरुण काही वर्षांपासून नोकरीनिमित्त ऑस्ट्रेलियातील मेलबर्न नगरी राहतो. गेल्या नाताळात त्याचे पत्र आले. तो ज्या मंडळीत उपासनेस जातो, तेथे आरंभी चालक उभा राहून सांगतो की, आपण जमलो आहोत ती वुरुंजेरी लोकांची परंपरागत भूमी आहे व त्यांच्या वाडवडिलांस आदराने स्मरून आपण उपासनेस प्रारंभ करीत आहोत. शाळांत आणि सार्वजनिक सभांतही हाच परिपाठ आहे. आपण कोणत्या लोकांच्या भूमीवर जन्मलो, हे तेथील कित्येक माणसे मुद्दाम शोधून काढतात. हे सांगून त्याने शेवटी लिहिले होते, "मी मच्छे येथे जन्मलो. ती भूमी मूळची कोणाची, हे मला कोणी सांगितले नाही. आपण सांगू शकाल काय?"

या प्रश्नाचे उत्तर चार ओळींत देता येईल, असे आम्हांस प्रथम वाटले होते. वर्ष होत आले, तरी ते पुरे झालेले नाही.

ऑस्ट्रेलियात हा परिपाठ का पडला, हे आधी पाहिले पाहिजे. १७८८ साली इंग्रजांनी तेथे वसाहत केली, आणि पुढे कायद्याने असे गृहीत धरले की, ही भूमी कोणाच्याही मालकीची नव्हती. हजारो वर्षे तेथे राहणारी माणसे कायद्याच्या दृष्टीने जणू तेथे नव्हतीच. टॉरेस सामुद्रधुनीतील मरे बेटावरच्या एडी माबो व त्यांच्या सोबत्यांनी चालविलेल्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली हे गृहीत मोडून काढले. तेथील युनायटिंग चर्चने २००९ साली आपल्या घटनेच्या प्रास्ताविकातच या आद्य लोकांचा स्वीकार केला. उच्चारलेले शब्द लवकरच स्वस्त होतात, अशी तक्रार त्या लोकांपैकीच काहीजण करतात, व ती खोटी नाही. तथापि मेलबर्नच्या रहिवाशास त्या भूमीच्या जुन्या लोकांचे नाव निदान सांगता येते. आम्हांस आमच्या गावाविषयी तेवढेही सांगता येईना.

मच्छे हे गाव बेळगावहून खानापूरमार्गे गोव्यास जाणाऱ्या रस्त्यावर आहे. औद्योगिक वसाहत झाली, १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय येथे आले, आणि शेतांची गुंठेवारी सुरू झाली. हलगा-मच्छे वळणरस्त्यासाठी सुपीक जमिनी घेण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला, न्यायालयात धाव घेतली. त्यामुळे भूमीचा प्रश्न येथे शिळोप्याच्या गप्पांचा विषय नाही.

"ही भूमी कोणाची?" असे सीमाभागात विचारले, की जिभेवर तयार असलेले उत्तर भाषेचे असते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. या वादात आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे तारुण्य खर्ची पडले आहे, आणि त्या दुःखाची थट्टा आम्ही कधीही करणार नाही. परंतु राज्य कोणाचे असावे हा एक प्रश्न, आणि भूमी मूळची कोणाची हा दुसरा. या दोहोंची गल्लत कशी होते, याचा नमुना आमच्या शेजारच्या पिरनवाडीत ऑगस्ट २०२० मध्ये दिसला. संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्यावरून तेथे तणाव झाला, आणि चौकास छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव व पुतळा रायण्णाचा, असा तोडगा निघाला. रायण्णा हा कुरुबर, म्हणजे मराठीत आपण ज्यांस धनगर म्हणतो त्या समाजाचा. कित्तूर संस्थानात तो शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे गावच्या चाकरीबद्दल जमीन धारण करणारा शिपाई. इंग्रजांविरुद्ध तो उठला आणि १८३१ साली नंदगड येथे फाशी गेला. धनगराच्या त्या मुलाने कोणत्या भाषेची बाजू घेतली असती, यावर चौकात वाद चालला होता. धनगरांच्या चराईच्या जमिनींचे पुढे काय झाले, हे विचारण्याची कोणास आठवण झाली नाही.

आम्ही शोधास आपल्या दारापासूनच प्रारंभ केला. उपासनागृहाच्या जागेचे खरेदीखत काढले. त्यात विकणाऱ्याचे नाव आहे, त्याने ज्याच्याकडून घेतली त्याचे नाव आहे. त्यामागे केवळ सर्व्हे नंबर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांच्या मोजणीने प्रत्येक शेतास नंबर दिला, आणि त्या नंबराच्या पलीकडे आपला उतारा जात नाही, मग तो महाराष्ट्रातील सातबारा असो वा येथील कानडी पहाणीपत्रक.

त्यापूर्वी काय होते? येथे आपल्याच भाषेतील एका जुन्या शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. पेशवाईतील मराठी गावात वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार अथवा थळकरी, आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. गावची काळी, म्हणजे शेतजमीन, थळांत विभागलेली असे, आणि थळ त्या त्या कुळाच्या नावाने ओळखले जाई. एखादे घराणे निर्वंश झाले वा परागंदा झाले, तर त्याची जमीन 'गतकूळ' म्हणून नोंदली जाई. कर्नल साइक्स याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनच्या जमीनधारणेचा अभ्यास केला, तेव्हा त्यास असे आढळले की, घराणे केव्हाच संपले, तरी थळास त्याचेच नाव चालू होते. कसणारा दुसरा, सारा भरणारा दुसरा, पण नाव गेलेल्याचे! हा पुरावा मुख्यतः पुणे-नगर प्रांताचा आहे. तो मच्छे गावास जसाच्या तसा लावता येणार नाही, हे आम्ही जाणतो. तरी मेलबर्नच्या मंडळीत जे आज शिकून म्हटले जाते, त्याच्या जवळपासचे काहीतरी आपल्या कुलकर्ण्याच्या दप्तरात निमूटपणे लिहिलेले होते, याचे आम्हांस नवल वाटले. अर्थात कुलकर्णी हे पुण्यासाठी लिहीत नव्हता. पुढेमागे वारस उभा राहिला तर त्याचा हक्क कळावा, एवढाच त्याचा व्यवहार. पण त्या व्यवहाराच्या पोटात न्याय होता.

त्याहून मागे जावे, तर ताम्रपट लागतात. आमच्या दक्षिणेस खानापूर तालुक्यात हलशी आहे. तीच कदंबांची पलाशिका. तेथे सापडलेले ताम्रपट फ्लीट या विद्वानाने प्रसिद्ध केले. त्यांपैकी पाचव्या शतकातील एकात काकुस्थवर्मा श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीस खेटग्राम येथील एक शेत देतो. बेळगावच्या किल्ल्यातील जिनालयास रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याने शके ११२७ मध्ये दान दिले, त्या लेखांत बेळगावचे नाव वेणुग्राम असे येते. देणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे आहे, कित्येकदा साक्षीदारांचीही असतात. दिलेले दान जो हिरावून घेईल त्यास शाप देण्याचीही रीत असे. मात्र ते शेत प्रथम ज्याने रान तोडून केले, त्याच्याविषयी ताम्रपट मौन पाळतो. देणगीच्या आधी काही घेतले गेले होते काय, हे शापाच्या कक्षेत येत नाही.

मातीखाली पाहिले तर काळ आणखी मागे सरतो. बेळगावास लागून असलेल्या वडगाव-माधवपूर येथे अ. सुंदर यांनी उत्खनन केले व सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडात आणले. गोकाक तालुक्यात कोन्नूर येथे त्याहूनही जुन्या लोकांची दगडी थडगी आहेत. अशा थडग्यांस लोक पुष्कळ ठिकाणी पांडवांची घरे म्हणतात. खरे नाव विस्मृतीत गेले म्हणजे लोक पुराणातले नाव देतात, आणि पुढे ते नाव शोधाची वाट अडवून बसते.

पंडितांनीही या प्रश्नावर पुष्कळ लिहिले आहे. याच जिल्ह्यात जन्मलेले कानडी संशोधक शं. बा. जोशी यांनी १९५२ साली 'मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या' हा ग्रंथ मराठीत लिहून, या भूमीच्या मुळाशी हट्टीकार, म्हणजे गुरेमेंढरे राखणारे लोक असल्याचे प्रतिपादन केले. सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा यांच्या अभ्यासातून आणि रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या शोधातून गवळी-धनगरांचीच वाट धुंडाळली. त्यांच्याही पूर्वी, १८७३ साली, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी'त शूद्रातिशूद्र हे बळीच्या राज्याचे मूळ रहिवासी, असे मांडले होते. डॉ. आंबेडकरांनी मात्र आर्य आक्रमणाचा सिद्धांत १९४६ साली स्पष्टपणे नाकारला. या सर्वांचा मेळ घालणे आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु भिन्न मार्गांनी जाणारे इतके लोक धनगराच्या वाड्यापाशी येऊन थबकतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

तो धनगर आज कोठे आहे? मच्छे येथून दक्षिणेस निघाले, की खानापूरचे रान लागते, आणि त्या रानात गवळी-धनगरांचे वाडे अद्याप आहेत. कुणबी लोक याच पट्ट्यात कुमरी करीत, म्हणजे रानाचा तुकडा तोडून, जाळून नाचणी पेरीत आणि दोनतीन वर्षांनी तो सोडून पुढे जात. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कुमरीवर निर्बंध आणले आणि रान राखीव केले. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा अन्याय दूर करण्याचे आश्वासन दिले. पण ज्यांची गणना अनुसूचित जमातींत नाही, त्यांनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथे वास्तव्य असल्याचे सिद्ध केले पाहिजे. जो फिरत राहिला, त्याने एका जागी राहिल्याचा पुरावा आणावयाचा! गोव्यात गावडा, कुणबी व वेळीप यांस २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. घाटाच्या अलीकडे जोयडा तालुक्यातील कुणबी हीच मागणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. घाट ओलांडला म्हणजे माणसाचे मूळ बदलते, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय?

आणि त्याच रानात सिद्दी आहेत. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांचे पूर्वज गोव्यातून निसटून या जंगलात शिरले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींस २००३ साली, आणि बेळगाव व धारवाड येथील सिद्दींस २०२० साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. प्रथम आला तोच भूमीचा, असे म्हटले तर सिद्दी परका ठरतो. पण त्यास येथे आणले गेले, आणि ज्या रानाने त्यास आसरा दिला ते सोडून त्यास दुसरा देश नाही. येथेच आम्ही सावध झालो. 'मूळचा कोण' हा प्रश्न कोणाच्या हाती आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींस मागासलेले हिंदू म्हटले; २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यास पाठिंबा देताना आपल्या शासनाने भारताचे सर्वच लोक मूळनिवासी असल्याची भूमिका घेतली. सर्वच मूळनिवासी म्हटले, की विचारण्यासारखे काही उरत नाही. आणि आम्हां ख्रिस्ती लोकांस परके ठरविण्यासाठीही याच शब्दाचा उपयोग होतो, हे आम्ही अनुभवाने जाणतो.

आमच्या घरचाही हिशेब मांडला पाहिजे. लंडन मिशनरी सोसायटीने १८२० साली बेळगावात कार्य आरंभिले, म्हणजे इंग्रजांनी किल्ला घेतल्यावर दोनच वर्षांनी. १९०४ साली ते मेथडिस्ट मिशनकडे गेले. छावणीच्या आश्रयाने मिशनला जागा मिळाल्या. छावणीस त्या कोणाकडून मिळाल्या, हे आमच्या मंडळ्यांच्या इतिहासांत वाचल्याचे आम्हांस स्मरत नाही. आणि या भागातील आमच्या पुष्कळ कुटुंबांचे पूर्वज आले ते महारवाड्यातून. गावांत शिवेचा तंटा पडला, म्हणजे शीव दाखविण्यास महारासच बोलावीत. त्याची साक्ष प्रमाण मानीत. सीमा ज्यास ठाऊक, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर. ज्या वतनाच्या बेडीतून त्यास सोडविण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले, ते या जिल्ह्यात १९६१ च्या कायद्यामुळे संपुष्टात आले. त्याबरोबर ती शिवेची स्मृतीही गेली. ती कोणी लिहून घेतली नाही. आम्ही धर्मगुरूंनी तर नाहीच.

शास्त्रात दावीद राजा वेदी बांधण्यासाठी यबूसी अरवनाचे खळे विकत घेतो. अरवना ते फुकट देऊ करतो. राजा नाकारतो आणि पन्नास शेकेल रुपे मोजतो. या कथेवर आम्ही अनेकदा बोध केला, तो बहुधा दाविदाच्या अर्पणावर. पण इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात शलमोन मंदिर बांधावयास घेतो, तेव्हाही लेखक त्या जागेस यबूसी अर्णानचे खळेच म्हणतो. यरुशलेम इस्राएलाच्या हाती येऊन पिढी उलटली होती, तरी परमेश्वराच्या मंदिराची जागा परक्या शेतकऱ्याच्या नावाने लिहिली गेली. थळझाड्यातील गतकुळासारखीच ही नोंद आहे.

गेल्या महिन्यात गावातील एका वृद्ध शेतकऱ्याशी आम्ही या विषयावर बोलत बसलो होतो. वळणरस्त्याच्या आखणीत त्यांचेही शेत आहे. बोलता बोलता उपासनागृहामागील तुकड्याचा उल्लेख त्यांनी एका आडनावाने केला. त्या आडनावाचे घर आज गावात नाही, आणि आपल्या आज्याच्या वेळीही नव्हते, असे ते म्हणाले. मग लोक कोठे गेले? त्यांस ठाऊक नव्हते. त्या लोकांच्या आधी तेथे कोणाची मेंढरे बसत होती, हेही ठाऊक नव्हते. पण त्यांच्या लहानपणी पावसाळा संपला, की धनगर तेथे येऊन बसत, एवढे त्यांनी सांगितले. ते आडनाव आम्ही मेलबर्नला कळविले आहे, आणि खरेदीखताच्या पाठीवर सर्व्हे नंबराशेजारी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.