रविवारच्या धर्मशिक्षणाची कुळकथा

1542 च्या मे महिन्यात फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. मुक्काम इस्पितळात. सकाळी रोग्यांची विचारपूस, मग तुरुंगातल्या कैद्यांची भेट, आणि त्यानंतर हातात घंटी घेऊन रस्त्यांतून फेरी. घंटीचा आवाज ऐकून पोरे मागे लागत, आणि ती सगळी वरात इस्पितळाजवळच्या मरियामातेच्या कपेलात जाऊन बसे. तिथे प्रार्थना, विश्वासांगीकार, दहा आज्ञा, सगळे मोठ्याने आणि एका सुरात म्हणायचे. त्याच सप्टेंबरात त्यांनी युरोपात पाठवलेल्या पत्रात लिहिले, की मुलांची संख्या पुष्कळदा 300 च्या वर जाते. गोव्याच्या बिशपांनी मग इतर चर्चमध्येही हाच परिपाठ सुरू करायला सांगितले.

आज वसईच्या धर्मग्रामात रविवारी मिस्सा आटोपल्यावर मुले वर्गावर्गांत पांगतात आणि समोर एखादी गृहिणी, एखादा बँकेतला कारकून किंवा नुकती कॉलेजात गेलेली मुलगी धर्मशिक्षक म्हणून उभी राहते. या नेमाचे घराणे बरेच जुने आहे, आणि त्यातले कर्ते नेहमी धर्मगुरूच होते असे मुळीच नाही.

मुळात धर्मशिक्षण मुलांसाठी नव्हतेच. पहिल्या काही शतकांत बाप्तिस्मा मागायला येणारी माणसे बहुधा प्रौढ होती आणि शिकवणी त्यांचीच होई. चौथ्या शतकात जेरुसलेमच्या सिरिलने दिलेली प्रवचने अशा उमेदवारांसाठीच होती. सन 400 च्या सुमारास कार्थेजच्या देओग्राशियास नावाच्या उपयाजकाने संत ऑगस्टीनकडे गाऱ्हाणे नेले: नवख्यांना तेच तेच सांगताना माझे मलाच कंटाळवाणे होते, काय करू? उत्तरादाखल ऑगस्टीनने एक अख्खी पुस्तिका लिहिली. शिकवणाऱ्याच्या मनात आनंद असला तर ऐकणाऱ्यापर्यंत काही पोचते, हा तिचा गाभा. नव्याने धर्मशिक्षक होणाऱ्या प्रत्येकाला मी अभ्यासक्रमाच्या पुस्तकाआधी ही पुस्तिका वाचायला देईन.

पुढे तान्ह्या बाळांचा बाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाला आणि शिकवणीचा क्रम उलटला. आधी बाप्तिस्मा, मग शिक्षण. ते शिक्षण आईबापांनी आणि धर्ममातापित्यांनी घरी द्यायचे, असे ठरले. पण ज्यांना स्वतःलाच प्रार्थना धड येत नव्हत्या, ते काय शिकवणार? सोळाव्या शतकात ही उणीव सगळ्यांना एकदमच टोचू लागली. सॅक्सनीतल्या खेड्यांतले अज्ञान पाहून हळहळलेल्या मार्टिन ल्यूथरने 1529 मध्ये घरातल्या कर्त्या माणसाच्या हाती देण्यासाठी छोटी प्रश्नोत्तरी काढली. कॅथलिकांच्या बाजूने पीटर कनिसियसची प्रश्नोत्तरी 1555 मध्ये आली. पण मला या पुस्तकांपेक्षा मिलान शहरातली एक खटपट मोलाची वाटते. 1536 मध्ये कास्तेल्लिनो दा कास्तेल्लो या धर्मगुरूने तिथे सणावाराच्या आणि रविवारच्या धर्मशाळा सुरू केल्या. त्यात शिकवायला साधी प्रापंचिक माणसे होती, बायका होत्या. पहिल्या दिवशी सफरचंदे वाटून रस्त्यावरची मुले चर्चमध्ये आणली, असे सांगतात. ट्रेंटच्या धर्मसभेने प्रत्येक धर्मग्रामात निदान रविवारी आणि सणांच्या दिवशी मुलांना श्रद्धेची मूळतत्त्वे शिकवावीत असा ठराव केला तो 1563 मध्ये. म्हणजे गोव्यातली घंटी त्या ठरावाच्या एकवीस वर्षे आधीची.

झेवियरांची खरी करामत मात्र गोव्याच्या पुढे, तमिळ किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या परवर कोळ्यांच्या गावांत दिसते. त्यांना तमिळ येत नव्हते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या माणसांना जमवून त्यांनी प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि पुन्हा घंटी हाती घेतली. जानेवारी 1544 च्या पत्रात त्यांनी तिथली रीत सांगितली आहे. दिवसातून दोनदा मुले जमायची. शिकलेले घरी जाऊन आईबापांना, घरच्यांना, शेजाऱ्यांना शिकवायचे, हे त्यांच्यावर सोपवलेले काम. आजारी माणसाच्या घरून बोलावणे आले आणि झेवियरांना जायला जमले नाही, तर प्रार्थना येणारी मुले तिकडे जायची आणि खाटेपाशी विश्वासांगीकार म्हणायची. दुसऱ्याला शिकवायचे म्हणून शिकणे, ही या पद्धतीची मुळी. आपल्या वर्गांत ती फारशी उरलेली नाही, आणि तिची उणीव मला सतत जाणवते.

या कुळकथेत एक काळे पानही आहे. 1559 मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावे हुकूम निघाला आणि गोव्यातल्या पोरक्या हिंदू मुलांना सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची वाट मोकळी झाली. पोरके मूल, त्याचे नातलग आणि मध्ये सरकारी शिपाई! याला धर्मशिक्षण म्हणता येणार नाही. ज्यांच्या हाती आज मुले विश्वासाने दिली जातात, त्यांनी हे पान मुद्दाम वाचावे.

त्याच गोव्यात, साष्टीत, याच्या अगदी उलट घडले तेही सांगायला हवे. 1579 मध्ये आलेले इंग्रज जेज्वीट थॉमस स्टीफन्स लोकांची भाषा शिकले. त्यांची कोकणीतली प्रश्नोत्तररूप ‘दौत्रीन क्रिस्तां’ त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, 1622 मध्ये, रायतूरला छापली गेली. पण मराठी वाचकाला त्यांचे नाव ठाऊक आहे ते 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’मुळे. त्या ग्रंथाचा उगमही धर्मशिक्षणाच्या बैठकीतलाच. आरंभी स्टीफन्सच सांगतात, की शिकवणी चालू असताना श्रोत्यांतल्या एकाने विचारले: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न टोकदार होता आणि शिकवणाऱ्याने तो मनावर घेतला. दहा हजारांहून अधिक ओव्या त्यातून जन्मल्या आणि चर्चमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेल्या. प्रश्न विचारणाऱ्याला गप्प केले असते, तर मराठी एका थोर ग्रंथाला मुकली असती.

आजचा रविवारचा एक तास ठरला तो 1905 मध्ये. दहावे पायस या पोपनी सर्व धर्मगुरूंना बजावले, की प्रत्येक रविवारी आणि सणाच्या दिवशी तासभर मुलांना शिकवा, आणि प्रत्येक धर्मग्रामात त्यासाठी प्रापंचिकांचा संघ उभा करा. 1910 मध्ये त्यांनीच प्रथम कम्युनियनचे वय सुमारे सात वर्षांवर आणले. त्याआधी दहा-बारा, काही ठिकाणी चौदा वर्षेही थांबावे लागे. त्यामुळे वर्गात अगदी छोटी मुले आली आणि त्यांना सांभाळून घेणारी माणसे लागू लागली. 10 मे 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या सेवेला चर्चमधल्या अधिकृत पदाचा दर्जा दिला.

पद मिळाले, पुस्तके रंगीत झाली, परीक्षा आणि बक्षिसेही आली. पण आठवड्याला एका तासात कोणी कोणाला श्रद्धा देऊ शकत नाही. वसई 1739 मध्ये मराठ्यांनी जिंकल्यावर युरोपीय पाद्री निघून गेले. तरी पुढची पिढी प्रार्थना विसरली नाही, कारण गोव्याकडच्या देशी धर्मगुरूंबरोबर घरचा जपमाळेचा नेमही टिकून होता.

म्हणून आईबापांना माझी एक विनंती आहे. रविवारी मूल वर्गातून आले की ‘आज काय शिकलास?’ एवढे विचारून सोडू नका. त्याला शेजारी बसवा, ती प्रार्थना तुम्ही त्याच्याकडून शिका, आणि मग आजीला शिकवायला त्यालाच पाठवा.