मोठा, ताकदवान, देखणा लॅपटॉप : ही मागणी आली कुठून?

कॉलेज ॲडमिशनचे दिवस आले की एक प्रश्न मला हमखास येतो. "कामाला चालेल, सिनेमा-गेमला चालेल आणि दिसायलाही भारी असा मोठ्या स्क्रीनचा लॅपटॉप सुचवा." एका मॉडेलचं नाव सांगून मोकळं होता येतं. पण या यंत्राचा इतिहास माहीत असला, तर पैसे जास्त नीट खर्च होतात असं माझं मत आहे.

१९८१ मध्ये ऑस्बॉर्न १ आला. वजन सुमारे ११ किलो, पडदा ५ इंची, किंमत १,७९५ डॉलर. नाव 'पोर्टेबल', पण तो उचलणं म्हणजे शिलाई मशीन उचलण्यासारखंच! पुढच्याच वर्षी ग्रिड कंपास आला. बिल मॉग्रिज यांची रचना, मॅग्नेशियमचं कवच, मिटणारा पडदा. आजच्या लॅपटॉपचा आकार तिथून आला. किंमत ८,१५० डॉलर! नासाने तो स्पेस शटलमध्ये नेला. म्हणजे ताकद आणि देखणेपण ही जोडी तेव्हा फक्त बड्या गिऱ्हाइकांना परवडणारी होती.

१९९१ च्या पॉवरबुकने कीबोर्ड मागे सरकवून पुढे मनगट टेकायला जागा दिली. १९९२ मध्ये थिंकपॅड ७०० सी आला : काळी पेटी, मधोमध लाल ठिपका, रंगीत पडदा. ही दोन्ही यंत्रं सुंदर होती, आणि त्यांचं सौंदर्य वापरणाऱ्याच्या सोयीचं होतं.

गणित बदललं २००८ मध्ये. स्टीव्ह जॉब्ज यांनी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला आणि 'पातळ म्हणजे चांगला' हे समीकरण जगभर रुजलं. त्याची किंमत आपण वेगळ्या रूपात मोजतोय. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम बोर्डला सोल्डर केलेली, बॅटरी गोंदाने चिकटवलेली. इतर कंपन्यांनीही हळूहळू तीच वाट धरली. जी रॅम लॅमिंग्टन रोडवर दहा मिनिटांत वाढवून मिळायची, ती आता अनेक मॉडेलमध्ये वाढतच नाही.

खरं तर मोठ्या लॅपटॉपचा फायदाच जागेचा. मोठे पंखे बसतात, हवा खेळते. तोच प्रोसेसर पातळ अंगात कोंबला की तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. म्हणजे बॉक्सवरचं प्रोसेसरचं नाव अर्धीच गोष्ट सांगतं.

आता सार्वजनिक मुद्दा. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉप दुरुस्तीला किती सोपा, याचे १० पैकी गुण दुकानातच दाखवावे लागतात. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, नंतर पोर्टलही निघालं. पण फ्रीजवर वीजबचतीचे स्टार दिसतात, तसा दुरुस्तीचा गुण लॅपटॉपच्या बॉक्सवर काही दिसत नाही. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी मात्र आहे. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही आता चैन राहिलेली नाही, वह्या-पुस्तकांसारखी गरज आहे. हप्ते फिटायच्या आधी बॅटरी गेली आणि ती बदलता आली नाही, तर भुर्दंड त्या घरालाच.

म्हणून दुकानात रंग आणि जाडी बघा, जरूर बघा. पण तीन प्रश्न विचाराच. रॅम वाढवता येते का? बॅटरी स्क्रूने बसवलीय की गोंदाने? अर्धा तास जड काम दिल्यावर वेग टिकतो का? गिऱ्हाईक विचारायला लागलं की विक्रेत्याला उत्तरं शोधावी लागतात, आणि पुढे कधीतरी सरकारलाही.