झाडावर चढायचे ‘स्पाइक’: पायाला बांधण्याआधी झाड तोडायचं की राखायचं ते ठरवा

नारळ पाडायला माणूस मिळत नाही, ही कोकणातल्या बागायतदारांची जुनी तक्रार. पाडणारे जुने लोक थकले आणि नवी पोरं माडावर चढायला धजत नाहीत. त्यामुळे मोबाइलवर व्हिडिओ बघून अनेकांना वाटतं, की पायाला बांधायचे लोखंडी ‘स्पाइक’ मागवावेत आणि स्वतःच चढावं. पण हे अवजार कोणत्या झाडासाठी आहे, ते आधी समजून घ्यायला हवं. चुकीच्या झाडावर वापरलं तर झाड जातं आणि चुकीच्या पद्धतीने वापरलं तर माणूस.

स्पाइक म्हणजे काय?

गुडघ्याखालून घोट्यापर्यंत पायाच्या आतल्या बाजूला एक पोलादी पट्टी बसते. ती खाली वळून बुटाच्या तळव्याखालून जाते. घोट्याजवळ आतल्या बाजूला खाली तोंड केलेला टोकदार काटा असतो. तो खोडात रुततो आणि त्यावर शरीराचा भार पेलला जातो. लाकडी खांबांसाठीचा काटा साधारण दीड इंचाचा, तर जाड सालीच्या झाडांसाठीचा अडीच-तीन इंचांचा असतो. सोबत कंबरपट्टा आणि खोडाभोवती फिरवायचा दोर लागतोच.

पहिल्यांदा चढणाऱ्याची चूक

भीती वाटली की माणूस झाडाला मिठी मारतो. स्पाइकवर नेमकं हेच घातक ठरतं. गुडघे खोडाला चिकटले की काट्याचा कोन बदलतो, टोक साल खरवडत सुटतं आणि पाय घसरतो. म्हणून कंबर खोडापासून लांब, गुडघे बाहेर आणि भार टाचेकडे ठेवावा लागतो. पावलं लहान, फूटभराच्या आतली. काटा बोथट असेल तर चढूच नये.

दुसरा गैरसमज दोराचा. कमरेचा दोर खोडाभोवती आहे म्हणजे पडणार नाही, असं वाटतं. पण सरळसोट खोडावर दोन्ही काटे सुटले तर तो दोरही माणसासोबत खाली घसरत येतो. म्हणून खोडाला आवळून बसणारा दुसरा दोर लागतो. वाटेत फांदी आली तर तिच्यावरून एक दोर अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही.

शिकायचं तर जाणकार माणसासमोर, जमिनीपासून तीन-चार फुटांवर. उतरण्याचा सराव चढण्याइतकाच करावा, कारण थकलेले पाय उतरताना दगा देतात. ओलं खोड, वारा, जवळून गेलेली विजेची तार किंवा मधमाश्यांचं पोळं असेल तर त्या दिवशी चढू नये. खाली एक माणूस हवाच. पट्ट्यात बेशुद्ध होऊन लटकलेला माणूस थोड्या वेळातच दगावू शकतो.

माडाला काटे नकोच

स्पाइक हे मुळात तोडायच्या झाडासाठीचं अवजार आहे. जगवायच्या झाडाची छाटणी करताना ते वापरू नये, असं अमेरिकेतल्या वृक्षछाटणीच्या मानकातही सांगितलं आहे. माणसाला वाचवायचं असेल तर गोष्ट वेगळी.

आंबा-फणसाच्या सालीखाली वाढीचा थर असतो, त्यामुळे त्यांची जखम कडेने हळूहळू झाकली जाते. माडाला असा थर नसतो. माडाच्या खोडाला पडलेलं भोक जन्मभर तसंच राहतं. दर दीड-दोन महिन्यांनी पाडप केली, तर दर वेळी नवी भोकं पडतात.

अशा जखमांच्या वासाने सोंड्या भुंगा येतो. मादी तिथे अंडी घालते आणि अळ्या आतून खोड पोखरतात. पाच ते वीस वर्षांच्या माडांना त्याचा धोका जास्त. खोडावर भोकं, त्यातून तपकिरी द्रव आणि चघळल्यासारखा भुसा दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. चढायला कोयत्याने मारलेल्या खाचांचंही तेच.

मग चढायचं कसं?

केरळातल्या कन्नूर जिल्ह्यातल्या चेंबेरीचे शेतकरी एम. जे. जोसेफ यांनी यासाठी शिडीयंत्र बनवलं. डाव्या-उजव्या पायासाठी दोन भाग, दोन्हीला खोडाभोवती तारेचा फास. एका भागावर भार पडला की त्याचा फास आवळतो, तेवढ्यात दुसरा वर सरकवायचा. खोडाला भोक पडत नाही. तरी तार झिजलेली नाही ना, हे चढण्याआधी बघावं आणि सुरक्षा पट्टा बांधावाच.

नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये या यंत्राचं सहा दिवसांचं प्रशिक्षण सुरू केलं. माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची ‘केरा सुरक्षा’ ही अपघात विमा योजनाही आहे. भुंग्याबाबत सल्ला हवा असेल तर रत्नागिरीजवळचं भाट्ये नारळ संशोधन केंद्र आहे.

पडलाच कुणी तर

उचलून बसवू नये, पाणी पाजू नये. मान आणि पाठ न हलवता १०८ ला फोन करावा. पाठीचा कणा दुखावला असेल तर गडबडीने उचलल्यामुळे कायमचं अपंगत्व येऊ शकतं.

राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत उंचावरून पडून झालेला अपघातही धरला जातो. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी आहे. नावावर जमीन नसलेला, मजुरीवर माड चढणारा गडी त्यात बसत नाही. जो सर्वांत जास्त वेळा वर चढतो, त्याचाच विमा नसतो. पाडपीला माणूस बोलावताना मजुरी ठरवतो, तसं एकदा त्याच्या विम्याचंही विचारावं.