शाळेच्या तासांबाहेर

मुंबईच्या उत्तरेस, साष्टी बेटाच्या टोंकाशीं, वसईच्या खाडीला लागून मीरा-भाईंदर हें शहर वसलेलें आहे. मिठागरें, भातशेती व मासेमारी यांवर जगणाऱ्या गांवांचें तें शहर झालें, ही गोष्ट फार जुनी नव्हे. तेथें नगरपालिका १९८५ मध्यें आली आणि महानगरपालिका २००२ मध्यें. २००१ च्या शिरगणतींत जी वस्ती सुमारें ५ लाख २० हजार होती, ती २०११ मध्यें ८ लाखांवर गेली. माणसें जेथें इतक्या वेगानें येतात, तेथें शाळाही त्याच वेगानें उघडाव्या लागतात. अशा एखाद्या हायस्कुलाच्या फलकापाशीं उभें राहिलें, म्हणजे विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ, नाट्य मंडळ, निसर्ग मंडळ अशीं नांवें ओळीनें वाचावयास मिळतात. मुलाला न्यावयास आलेल्या वडिलांच्या मनांत मात्र बहुधा एकच प्रश्न येतो: हें सारें ठीक आहे, पण याला गुण किती?

श्रोतेहो, हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा अधिकार आहे. त्याचें उत्तर उपदेशानें देण्यापेक्षां इतिहासानें द्यावें, म्हणून मी आज आपणांस एका जुन्या विद्यार्थी-सभेची हकीकत सांगणार आहें. भाईंदरहून निघालेली लोकल गाडी दक्षिणेस जेथें थांबते, त्या जुन्या मुंबई शहरांत ती घडली. त्या वेळीं मात्र ना लोकल होती, ना आगगाडी. बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी धांवावयास अजून पांच वर्षें अवकाश होता.

वर्ष होतें १८४८. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ मध्यें स्वदेशीं परत जाण्यास निघाले, तेव्हां त्यांच्या स्मरणार्थ लोकांनीं निधि जमविला होता. त्यांतून वाढलेली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन ही त्या काळची नामांकित शिक्षणसंस्था. शाळा आणि कॉलेज हीं तेव्हां एकाच संस्थेंत नांदत होतीं. त्यांची फारकत पुढें १८५६ मध्यें झाली. या संस्थेंतील आजी-माजी विद्यार्थ्यांनीं १८४८ च्या जूनमध्यें एक सभा स्थापन केली. स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी हें तिचें नांव. प्रोफेसर पॅटन हे तिचे अध्यक्ष झाले. तेथेंच शिकून तेथेंच शिकवूं लागलेले, वयाची तेवीस वर्षेंही पुरीं न झालेले दादाभाई नौरोजी हे तिच्या प्रमुख चालकांपैकीं एक होते.

सभेचें काम वरकरणीं साधें होतें. एकानें निबंध लिहून आणावा, तो सर्वांसमक्ष वाचावा, मग इतरांनीं त्यावर बोलावें. धर्म आणि राजकारण हे विषय चर्चेबाहेर ठेवण्याचा नियम होता. हा नियम भित्रेपणाचा वाटेल, पण त्या वेळची मुंबई डोळ्यांपुढें आणली पाहिजे. १८३९ मध्यें दोघां पारशी तरुणांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळें, आणि १८४३ मध्यें श्रीपत शेषाद्रि या ब्राह्मण मुलाला स्वधर्मांत परत घेण्याच्या प्रश्नावरून, शहरांत मोठी खळबळ उडाली होती. इंग्रजी शाळेंत गेलेला मुलगा हातचा जातो, ही धास्ती घरोघरीं होती. त्या दिवसांत धर्मावर एक वादळी बैठक झाली असती, तर दुसऱ्या बैठकीस निम्मे सभासदही घरून सुटले नसते.

इंग्रजी शिकलेल्यांनीं इंग्रजींतच एकमेकांस निबंध ऐकवावे, एवढ्यावर ही सभा थांबली असती, तर आज तिची आठवण काढण्याचें कारण उरलें नसतें. पण त्याच वर्षीं तिला दोन शाखा फुटल्या. ज्ञानप्रसारक सभा या नांवानें एक मराठींत आणि एक गुजराथींत काम करूं लागली. मराठी सभेचे अध्यक्ष होते व्याकरणकार दादोबा पांडुरंग. वर्गांत इंग्रजींतून शिकलेलें पदार्थविज्ञान किंवा इतिहास आतां आपल्या भाषेंत, शाळेंत न गेलेल्या माणसाला कळेल असा सांगावयाचा होता. ज्यानें हा उद्योग एकदां करून पाहिला आहे, तोच जाणतो कीं पाठ केलेला धडा येथें कामास येत नाहीं. शब्द शोधावे लागतात, आणि शब्द शोधतांना आपणांस विषय खरोखर किती समजला होता, हेंही उघडें पडतें. मराठी सभेचें 'मराठी ज्ञानप्रसारक' हें मासिक १८५० मध्यें निघालें व १८६७ पर्यंत चाललें. न्यायमूर्ति रानडे यांनीं तरुणपणीं याच सभेंत निबंध वाचले.

यापुढील पाऊल अधिक अवघड होतें. १८४९ मध्यें बेहरामजी खरशेदजी गांधी या सभासदानें स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. निबंध झाला, चर्चा झाली. अशा ठिकाणीं टाळ्या वाजवून घरीं जाण्याचा प्रघात सर्व देशांत आहे. या तरुणांनीं तो मोडला. मुलींस शिकविणें योग्य आहे, असें जर आपण म्हणतों, तर त्यांस शिकवावयाचें कोणीं? उत्तर एकच होतें: आपणच. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सभेच्या मुलींच्या शाळा सुरू झाल्या. आरंभीं पारशी मुली ४४ आणि मराठी मुली २४ होत्या. आंकडा लहान आहे. पण त्यांतील एकेका मुलीमागें एकेका उंबरठ्यावर घातलेली हुज्जत आहे. दादाभाईंनीं उतारवयांत या दिवसांच्या आठवणी लिहिल्या आहेत. हे तरुण घरोघरच्या ओट्यांवर जाऊन मुलींच्या वडिलांची समजूत घालीत. कोणी ऐकून घेत. कोणी असला अभद्र विचार सुचविल्याबद्दल पायऱ्यांवरून खालीं लोटून देण्याची धमकी देत. तरी सभासद परत जात. स्वतःच्या कामाची वेळ होण्यापूर्वीं, सकाळच्या प्रहरीं, ते विनावेतन शिकवीत. जागेचीही अडचणच होती. नाना शंकरशेट यांनीं मराठी मुलींच्या शाळेस आश्रय दिला, आणि पारशी शाळांस कामा घराण्यानें द्रव्यसाहाय्य केलें. कालांतरानें पारशी शाळांसाठीं स्वतंत्र मंडळी झाली.

या मंडळींस नसतें श्रेय देण्याचें कारण नाहीं. मुंबईंत अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८२४ मध्येंच मुलींची शाळा काढली होती. पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८४८ मध्यें भिडे यांच्या वाड्यांत मुलींस शिकविण्यास आरंभ केला, आणि पुढें महार-मांग मुलांसाठींही शाळा उघडून, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची नजर पोंचली नव्हती तेथवर ज्ञान नेलें. सभेच्या दिवाणखान्यांत निबंध वाचणारे सारे पुरुष होते. शिकलेल्या मुली त्याच सभेंत येऊन बोलतील, हा विचार अजून दूर होता. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्यें स्थापन झालें, पण त्याच्या पहिल्या स्त्री-पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी १८८८ मध्यें बाहेर पडल्या. या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट राहतेच: हें काम कोणी परक्यानें केलें नव्हतें, सरकारी हुकुमानें झालें नव्हतें, विद्यार्थ्यांच्या एका वादसभेनें आपल्याच शब्दाला जागून तें केलें होतें.

आतां ऐंशी वर्षें ओलांडून खानदेशांत या. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत १९२४ मध्यें एक शिक्षक आले. तेच साने गुरुजी. ते छात्रालयाचेही काम पाहत. त्यांनीं मुलांसाठीं 'छात्रालय दैनिक' हस्तलिखित स्वरूपांत चालविलें, आणि १९२८ मध्यें 'विद्यार्थी' हें मासिक सुरू केलें. छापखाना नाहीं, वर्गणीदार नाहींत, तरी रोज कांहीं ताजें लिहून मुलांपुढें ठेवावयाचें! हें दैनिक परीक्षेच्या कोणत्याही विषयांत बसत नव्हतें. १९३० मध्यें गुरुजी नोकरी सोडून सत्याग्रहांत गेले; तेव्हां मुलांना कळलें असेल कीं, लिहिणें आणि वागणें या दोन गोष्टी या माणसानें कधींच वेगळ्या धरल्या नव्हत्या. मुंबईच्या सभेंत पुढाकार विद्यार्थ्यांचा होता व प्रोफेसर पाठीशीं होते. अमळनेरांत पुढाकार शिक्षकाचा होता. पण दोन्हीं ठिकाणीं तासांबाहेरचा वेळ हा शोभेचा वेळ नव्हता.

परकीय सरकारलाही या वेळाचें सामर्थ्य चांगलें ठाऊक होतें. म्हणून तर १९०७ च्या रिस्ले परिपत्रकानें विद्यार्थ्यांस राजकीय सभांपासून दूर ठेवण्याचा खटाटोप केला. ज्यांत कांहींच दम नाहीं, त्यावर कोणी बंदी घालीत नाहीं. आज काळ उलटा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांमध्यें कडक भिंत नसावी, असें म्हटलें आहे. भीति आतां बंदीची नाहीं. भीति आहे ती प्रमाणपत्रांची. मंडळ स्थापन व्हावें, छायाचित्र निघावें, प्रमाणपत्र वांटलें जावें, आणि खोलीच्या बाहेर कोणालाही त्याचा पत्ता लागूं नये, असें झालें तर त्या वडिलांचा प्रश्न खरा ठरेल.

म्हणून त्या वडिलांस माझी विनंति एवढीच कीं, प्रश्न टाकूं नका, बदला. गुण किती, असें न विचारतां, आज तूं तेथें जें शिकलास तें कोणाकडे घेऊन गेलास, असें मुलास विचारा. मीरा-भाईंदरच्या एका बांकावर मराठी, गुजराथी, हिंदी बोलणारीं मुलें शेजारीं बसतात. १८४८ च्या सभेंतही मराठी व गुजराथी मुलें शेजारींच बसत होतीं, आणि आपापल्या भाषेंत घरीं ज्ञान नेत होतीं. निसर्ग मंडळांतल्या मुलीनें खाडीकांठचीं तिवरें कां राखावीं हें आपल्या आजीला तिच्या भाषेंत पटवून दिलें, आणि उत्तनच्या कोळीवाड्यांतल्या आजीनें उलट तिला खाडीबद्दल चार गोष्टी शिकविल्या, तर त्या दिवशीं मंडळाची बैठक खरी भरली असें समजावें. त्या ४४ आणि २४ मुलींच्या वडिलांनींही आरंभीं फायदा काय, हेंच विचारलें असेल. ओट्यावर उभ्या राहिलेल्या त्या तरुणांपाशीं दाखविण्यास प्रमाणपत्र नव्हतें. उद्यां सकाळीं आम्ही शिकवावयास येतों, एवढेंच त्यांना सांगतां येत होतें, आणि ते येत होते.